उमेदवार बसला तरी मागणी बसता कामा नये

यंदा १९८८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. मतदान नोव्हेंबरात, पण फेब्रुवारीपासूनच तिथे एकेक उमेदवार बसायला लागला. गेपहार्ट नावाचे उमेदवार आयोवा या शेतकऱ्यांच्या राज्यात पहिले आले आणि मार्च संपायच्या आत बसले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघे-तिघे बसले. रेडिओवर ही बातमी दोन वाक्यांत संपते. पण बैठकीत आपल्या साथींनी नेमका प्रश्न काढला: बसणारा बसला, ज्यांनी त्याला मतं दिली त्या माणसांनी काय करायचं?

प्रश्न अमेरिकेचा आहे आणि आपलाही आहे. म्हणून यावेळी थोडं सविस्तर लिहितो आहोत.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे पक्षाचं तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं. गावाला उमेदवार कळतो तो भिंती रंगल्यावर. अमेरिकेत मोठे पक्ष दोन, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. तिकीट कोणाला द्यायचं यासाठी पक्षातच राज्याराज्यांत मतदान घेतात. त्याला प्रायमरी म्हणतात. एका राज्यानंतर दुसरं राज्य, असं हे चार-पाच महिने चालतं. ज्याची मतं कमी पडतात, पैसा संपतो, तो मधेच बसतो. त्याला आधीच्या राज्यांत पडलेली मतं तशीच राहतात आणि पुढच्या राज्यांतल्या लोकांपुढे मात्र तो नसतो.

या बसण्याची सगळ्यात मोठी गोष्ट वीस वर्षांपूर्वीची आहे. १९६८ साली बसले ते साधे उमेदवार नव्हते, गादीवरचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचं नाव लिंडन जॉन्सन. १९६४ च्या निवडणुकीत शंभरातल्या ६१ लोकांनी त्यांना मत दिलं होतं. काळ्या लोकांना मताचा हक्क खरोखर बजावता यावा म्हणून १९६५ चा कायदा त्यांनीच केला. पण त्यांनीच व्हिएतनामच्या गरीब शेतकऱ्यांवर लढाई लादली. पाच लाखांच्या वर अमेरिकन सैनिक तिथे पाठवले, गावं जाळली, रानावर विष फवारलं. घरोघरीची पोरं पेटीतून परत यायला लागली तशी लोकांत चीड वाढली.

मार्चमध्ये न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यात प्रायमरी झाली. लढाईविरोधी मॅकार्थी नावाचे सिनेटर जॉन्सनच्या विरोधात उभे होते. कॉलेजची मुलं दारोदार फिरली. जॉन्सनना ४९ टक्के मतं पडली, मॅकार्थींना ४२. म्हणजे जॉन्सन हरले नाहीत. पण गादीवरच्या माणसाला आपल्याच पक्षात एवढा विरोध, ही गोष्ट त्यांना जड गेली. चार दिवसांत रॉबर्ट केनेडीही उभे राहिले. मग ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन टेलिव्हिजनवर आले. बॉम्बफेक कमी करतो असं सांगितलं, आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले की आपण पुन्हा उभे राहणार नाही, पक्षाने तिकीट दिलं तरी घेणार नाही.

आता लोकांनी काय केलं ते बघा.

काही जण रस्त्यावर नाचले. आपण गादी हलवली असं त्यांना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

काही जणांचा राग एका रात्रीत उतरला. लोकांची मतं विचारणारी गॅलप नावाची संस्था तिकडे आहे. तिच्या पाहणीत जॉन्सनचं काम पसंत असणारे शंभरात ३६ होते, ते भाषणानंतर ४९ झाले. लढाई चालूच होती, सैनिक तिथेच होते. पण माणूस बाजूला झाला की आपल्याला त्याची कीव येते. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये तसं बसलेल्याबद्दलही कोणी बोलत नाही.

काही जणांनी बसलेल्यालाच मत दिलं. दोन दिवसांनी, २ एप्रिलला विस्कॉन्सिन राज्यात मतदान होतं. मतपत्रिका आधीच छापून तयार होत्या, जॉन्सनचं नाव त्यावर होतंच. मॅकार्थींना ५६ टक्के मतं मिळाली, आणि उभं राहणार नाही असं जाहीर केलेल्या जॉन्सनना ३५ टक्के! त्यात किती जणांची सवय, किती जणांचा आदर, किती जणांचा दुसऱ्यावर अविश्वास, हे मतपेटी सांगत नाही.

मतपेटीचं हे मुकेपण फार महत्त्वाचं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींना पडलेली मतं लढाई थांबवा म्हणणाऱ्यांचीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. पुढे अभ्यास झाला तेव्हा कळलं की त्यातल्या पुष्कळांचा राग उलटा होता. सरकार लढाई जोराने का लढत नाही, म्हणून ते चिडले होते. एकाच नावावर दोन उलट्या मागण्यांची मतं पडली होती! शिक्का सगळ्यांचा सारखाच दिसतो. शिक्क्यामागची मागणी कुठे लिहून ठेवलेली नसेल, तर तिचा अर्थ ज्याला जसा पाहिजे तसा तो लावतो.

पुढे काय झालं? जॉन्सन बसल्यावर त्यांचे उपाध्यक्ष हम्फ्री पुढे आले. ते एकाही प्रायमरीत लोकांपुढे मत मागायला गेले नाहीत. त्या वेळी मोजक्याच राज्यांत प्रायमरी होत असे, बाकी ठिकाणचे प्रतिनिधी पुढाऱ्यांच्या मुठीत होते. जूनमध्ये केनेडींना गोळी घातली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात लढाई थांबवण्याचा ठराव मताला टाकला, तो पडला. बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना झोडपत होते. तिकीट हम्फ्रींना मिळालं. नोव्हेंबरात तेही हरले आणि रिपब्लिकन पक्षाचे निक्सन आले. लढाई आणखी सात वर्षं चालली. त्या लढाईत एकंदर ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. त्यातले निम्म्याहून जास्त जॉन्सन बसल्यानंतर मेले. व्हिएतनामी माणसं तर लाखांनी मेली.

माणूस गेला, लढाई राहिली. ३१ मार्चच्या रात्री नाचणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत नाही. त्यांनी फार मोठं काम केलं होतं. पण जिंकलो असं वाटून जे घरी गेले, त्यांची जागा पुढाऱ्यांनी भरून काढली. जे घरी गेले नाहीत त्यांनी मात्र पुढच्या वर्षी लाखांचे मोर्चे काढले, सरकारला सैन्य कमी करायला लावलं, आणि तिकीट वाटायचे नियमही बदलून घेतले. आज तिथे बहुतेक राज्यांत प्रायमरी होते ती त्यांच्या रेट्यामुळे.

आता तिथल्या आदिवासींची गोष्ट. आपल्या वाचकांना ती जास्त जवळची वाटेल.

न्यू मेक्सिको राज्यात डोंगरावर एक तळं आहे, ब्लू लेक नावाचं. खाली टाओस नावाचं आदिवासींचं जुनं गाव आहे. तळ्याचं पाणी त्यांच्या गावातून वाहतं, आणि तळ्याभोवतीचं रान म्हणजे त्यांच्या देवाचं रान. १९०६ साली सरकारने एका फटक्यात ते रान राखीव जंगलात घातलं. ना विचारलं, ना मोबदला दिला. फॉरेस्ट खात्याने बाहेरच्यांना तिथे गुरं चारायची परवानगी दिली, सहलीवाले येऊ दिले. आणि ज्यांचा देव तिथे, त्यांनाच जायला परवानगी लागू लागली. हे वाचताना कोणाला आपलं रान आठवलं तर नवल नाही.

टाओसच्या लोकांनी तेव्हापासून एकच मागणी धरली: तळं परत द्या. ती धरली तेव्हा त्यांना मताचा हक्कही नव्हता! न्यू मेक्सिकोत आदिवासींना मत मिळालं ते १९४८ साली, तेही कोर्टात भांडून. म्हणजे पहिली ४२ वर्षं ही माणसं मताशिवाय लढली. मधे सरकार पैसे द्यायला तयार झालं. गावाने सांगितलं, पैसे नकोत, तळं पाहिजे. मत मिळाल्यावरही त्यांच्याच राज्याचे सिनेटर अँडरसन आडवे आले. शेवटी १५ डिसेंबर १९७० ला कायद्यावर सही झाली आणि ४८ हजार एकर रान गावाच्या ताब्यात आलं. लागली ६४ वर्षं. तेवढ्यात बारा राष्ट्राध्यक्ष झाले, कधी या पक्षाचे, कधी त्या पक्षाचे. आणि सही कोणी केली? निक्सन यांनी! तेच, ज्यांनी व्हिएतनामवर बॉम्ब टाकले.

म्हणून निक्सन चांगले ठरत नाहीत. गावाची मागणी एकाही उमेदवाराच्या खिशात नव्हती, गावाच्या हातात होती. म्हणून बारावा माणूस कोण आहे याने तिला फरक पडला नाही.

उमेदवारांचा काहीच उपयोग नसतो, असंही आम्ही म्हणत नाही. ब्लू लेकसाठी सिनेटमध्ये भांडणारा एक माणूस होता, ओक्लाहोमाचे फ्रेड हॅरिस. त्यांची बायको लाडोना, स्वतः कोमांची आदिवासी. तिनेही यात पुष्कळ धावपळ केली. हेच हॅरिस १९७६ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. बड्या कंपन्यांची मिजास मोडायची, श्रीमंतांच्या सवलती बंद करायच्या, हा त्यांचा प्रचार. गाडीतून देशभर फिरायचे, कार्यकर्त्यांच्या घरी जेवायचे-झोपायचे. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांना ११ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. पुढे पैसा संपला आणि ८ एप्रिल १९७६ ला ते बसले.

त्यांच्या मतदारांना वाईट वाटलं असणारच. गरिबाची बाजू घेणारा माणूस पैशावाचून बसतो, हे बघणं सोपं नाही. पण हॅरिस बसले म्हणून टाओसचं तळं परत गेलं का? नाही गेलं. ते कायद्यात लिहून घेतलं होतं, आणि लिहून घेणारं गाव जागं होतं.

यंदाच्या निवडणुकीत जेसी जॅक्सन हे काळे पुढारी उभे आहेत. मार्चमध्ये त्यांनी मिशिगन राज्य जिंकलं, गेल्या महिन्यात न्यूयॉर्क हरले. तिकीट डुकाकिस यांना मिळणार असं दिसतं. तरी जॅक्सन बसलेले नाहीत. त्यांच्या पाठीशी कामगार आहेत, कर्जात बुडालेले गोरे शेतकरीही आहेत. गादी नाही मिळाली तर नाही, पण आमच्या मागण्या अधिवेशनात मांडल्या गेल्या पाहिजेत, हा त्यामागचा विचार आहे. आम्हाला तो पटतो. हरणाऱ्यालाही बसण्याआधी किंमत मागता येते. ती कोणासाठी मागतो, स्वतःसाठी की लोकांसाठी, एवढंच बघायचं.

आपल्याकडे हेच उलटं होतं. मागच्या निवडणुकीत पाड्यापाड्यांतून तांदूळ-नाचणी गोळा करून ज्याच्यासाठी माणसं फिरली, तो माघारीच्या दिवशी तीन वाजायच्या आत फॉर्म काढून आला. का बसला, कोणी बसवला, किती घेतले, याची चर्चा अजून बाजाराच्या दिवशी चालते. ज्यांनी पायतळ झिजवले ते म्हणाले, आता कोणालाच मत नको. काही जणांनी रागाने समोरच्याला दिलं. काही जण त्या दिवसापासून बैठकीलाच येईनासे झाले. आमच्या मते खरं नुकसान हे शेवटचं. तो एक माणूस बसला, त्याच्यासोबत वीस-पंचवीस आपली माणसं बसली. आणि आपली मागणी? ती त्याच्या भाषणात होती. भाषण त्याच्याबरोबर गेलं.

१९७८ च्या मार्चअखेरपर्यंत कसलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावे करायची, हा निर्णय सरकारचाच आहे. त्याला दहा वर्षं होत आली. अजून कितीतरी घरांचं नाव चौकशीत सुद्धा आलेलं नाही. हे काम कोणा उमेदवाराच्या येण्या-जाण्यावर टांगून ठेवायला आपल्याकडे वेळ नाही. पावसाळा तोंडावर आहे, गार्ड पुन्हा नांगर अडवणार.

तेव्हा आमचं म्हणणं असं. पुढच्या निवडणुका येतील तेव्हा मत जरूर द्या, आपल्या बाजूचा वाटेल त्याला द्या. पण त्याआधी गावाने बसून आपली मागणी कागदावर लिहावी. कोणाची किती जमीन, कधीपासून कसतो, दंडाच्या पावत्या कोणाकडे आहेत, सगळं नावानिशी. एक प्रत गावात ठेवावी, एक संघटनेच्या कचेरीत. मत मागायला येईल त्याने त्याच कागदावर सही करावी. बायकांनी ही बैठक सोडू नये, कारण उमेदवार बसतो तेव्हा गडी माणसं गप्पा मारतात आणि सरपणाला बाईलाच रानात जावं लागतं. आणि पावत्या चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, वाळवी लागते. पत्र्याच्या डब्यात ठेवा.

सही करणारा उद्या बसला तर बसू दे. कागद दुसऱ्याच्या पुढे धरायचा.