जॉइंट कस्टडी

घरात नवी सून आली म्हणून सासूला कोणी भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसवून देत नाही. निदान आमच्या आळीत तरी अजून नाही. हा साधा संसारी नियम कॉम्प्युटरवाल्यांना का कळत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्नाचे कारण आमचा पुतण्या. २०२३ च्या दिवाळीत तो आला आणि त्याने आमचा २०११ सालचा कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर काही उमटेपर्यंत त्याचे पोहे खाऊन झाले, वर चहाही झाला.

"काका, एसएसडी टाका. ही हार्ड डिस्क म्हणजे बैलगाडी आहे. काढून फेका!"

आता, एसएसडीचे गुण मी नाकारत नाही. हार्ड डिस्कच्या पोटात तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात आणि एक दांडी त्यांवरून इकडेतिकडे धावत हवी ती नोंद शोधते. दर खेपेला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला थोडा वाटतो, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. आमचा रेकॉर्ड रूमचा शिपाई लेजर आणायला जातो ना, तसेच. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, नुसत्या चिपा. तिथे तीच नोंद शंभरपट लवकर हाती येते. ती बसवल्यावर मी चष्मा पुसेपर्यंत कॉम्प्युटर तयार होऊ लागला. कबूल.

पण म्हणून जुनीला फेका, हे कुठले शास्त्र? कॅशियरचा ड्रॉवर हाताशी असतो, म्हणून स्ट्राँग रूम पाडा असे आजवर एकाही मॅनेजरने म्हटलेले नाही. ड्रॉवरमध्ये रोजची रक्कम, तिजोरीत बाकीची. विंडोज आणि रोज लागणारे प्रोग्रॅम एसएसडीवर. बारा वर्षांचे फोटो, मुलीच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत हार्ड डिस्कवर. तेवढ्याच जागेला तिथे भाडे कमी पडते. शिवाय फोटो झटकन उघडला म्हणून त्यातल्या मावशी काही तरुण दिसत नाहीत.

आणि स्वभावही पाहा. हार्ड डिस्क जाण्याआधी पुष्कळदा कुरकुरते, टकटक करते, निरोप घेते. एसएसडी बरेचदा न बोलता जाते. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल कधीकधी परत मिळते. एसएसडी पुसलेली जागा मागाहून स्वतःच साफ करून टाकते. इतकी टापटीप मला तरी घरात परवडत नाही.

हे सगळे मी पुतण्याला ऐकवले असते. पण मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येतो तो पडदा काळाठिक्कर. पुतण्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि चेहरा कॅश जुळत नसलेल्या कॅशियरचा. जुनी डिस्क काढल्याबरोबर कॉम्प्युटर सुरूच होईना! नव्या डिस्कवर विंडोज चढवताना जुनी जोडलेलीच होती, त्यामुळे विंडोजने सुरुवातीच्या फाइली जुनीवरच ठेवल्या होत्या. म्हणजे नवा हेड कॅशियर खुर्चीत, आणि किल्ली निवृत्त झालेल्याच्या खिशात. (विंडोज चढवताना जुनीची वायर आधी काढावी. हा सल्ला फुकट आहे.)

"मग लाव की जुनी परत."

"काका, ती... काकूने रद्दीच्या पिशवीत टाकली."

रद्दीवाला आमच्याकडे रविवारी सकाळी येतो. तो रविवार होता.

मी टॉवेलवर जिना उतरलो. तराजूवर पिशवी चढली होती. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांमधून मी डिस्क उपसून काढली, आणि तेव्हा कळले की मला विंडोजची चिंताच नव्हती. त्या डिस्कवर आमचे अण्णा होते. २०१३ साली, जाण्याच्या काही महिने आधी, मोबाइलवर सहज टिपलेला त्यांचा चार मिनिटांचा आवाज. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि महिनाभर मी शेजाऱ्यांना सांगत होतो, "आमच्याकडे काय, दोन डिस्का आहेत!"

दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत. हे मला बी. कॉम. होऊन कळू नये? १४९४ साली इटलीत पाचोलीने छापून ठेवले, की प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी हवी. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, आणि डुप्लिकेट दुसऱ्या शाखेत. घरी मात्र बाप एका डिस्कवर, तीही रद्दीत.

तेव्हा जुने फेका म्हणणाऱ्यांशी माझे भांडण कायम आहे. आणि नुसते जपून ठेवतो म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांशीही. दोन्ही डिस्का ठेवा, कामे वाटून द्या, पण जे परत मिळणार नाही ते दोन्हींवर ठेवा, आणि तिसरी प्रत घराबाहेर. आमची साताऱ्याला बहिणीकडे असते.

अण्णा त्या चार मिनिटांत फारसे काही बोलत नाहीत. "दिवे मालवा रे, बिल कोण भरणार?" एवढेच दोनदा येते. आता ते तीन ठिकाणांहून ओरडतात, आणि मी अजूनही उठून दिवा मालवतो.