मलमाआधी निदान

भातलावण उरकली की पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत गजकर्णाची गर्दी होते. बायकांना परकराच्या नाडीखाली, पुरुषांना जांघेत आणि करदोड्याखाली वर्तुळं उठलेली असतात. कडा लाल, मधला भाग बरा झाल्यासारखा. लावणीचे दिवस गुडघाभर चिखलात जातात. भिजलेले कपडे अंगावरच वाळतात आणि वलणीवर टाकलेलं लुगडं दुसऱ्या दिवशीही दमटच असतं. हिरडोशीच्या किंवा केळदच्या पावसात कपडा खडखडीत वाळणं अवघडच. अशा हवेत बुरशी वाढणार, त्याचं नवल नाही. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. यातली बहुतेक माणसं माझ्यासमोर बसण्याआधी मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब महिनोन्महिने चोळून आलेली असतात, आणि साधा रोग त्या ट्यूबने अवघड करून ठेवलेला असतो.

त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन-चार नावं असतात. एक औषध बुरशीवरचं, एक जंतूंवरचं, आणि सोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. हे शेवटचं स्टिरॉइड. खाज थांबते ती त्याने, लाली उतरते तीही त्यानेच, आणि तेही दोन दिवसांत. माणसाला वाटतं औषध लागू पडलं. प्रत्यक्षात बुरशीशी झुंजणारी शरीराची ताकदच त्या जागी दडपली गेलेली असते. बुरशी आतल्या आत पसरते, मलम थांबवलं की उसळते, मग पुन्हा तेच मलम. वेल्ह्याकडच्या एका आजींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: "लावलं की गार वाटतं, सोडलं की आग हुती." महिने लोटतात तसा नाण्याएवढा चट्टा कंबरभर होतो. त्याची ठळक कडा पुसली जाते, वर्तुळात वर्तुळं दिसू लागतात. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर बाळंतपणानंतर पोटावर उठतात तसे वण पडतात. बुरशी पुढे निघून जाते, पण हे वण आयुष्यभर राहतात. तरुण मुली हेच मलम गोरेपणासाठी तोंडाला लावतात. त्यांचा चेहरा लाल होतो, मुरमं उठतात, गालावर लव वाढते आणि ऊन सोसेनासं होतं.

2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी औषधांची अनेक अशास्त्रीय मिश्रणंही बंद झाली. तरीही "गजकर्णावर काहीतरी द्या" एवढं म्हटलं की काउंटरवरून ट्यूब हातात पडते. दुकानदाराला दोष देऊन हा विषय संपत नाही, हे मला कळतं. भुतोंड्याच्या खोऱ्यातल्या माणसाला त्वचारोगाच्या डॉक्टरसाठी पुण्यात स्वारगेटपर्यंत यायचं तर एसटीचं भाडं जातं आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. ट्यूब मात्र बाजारहाट करता करता मिळते. पण हीच ट्यूब पुढे त्याला कित्येक पटींनी महाग पडते.

बुरशीसुद्धा पूर्वीची राहिलेली नाही. मी शिकत होतो तेव्हा गजकर्णाला टर्बिनाफिनच्या गोळ्या दोन आठवडे दिल्या की काम व्हायचं. आता सहा-आठ आठवडे उपचार करावे लागतात, कधी त्याहून जास्त. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवर सापडलेल्या बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव दिलं. टर्बिनाफिन ज्या विकरावर काम करतं, त्यातच या बुरशीच्या अनेक वाणांनी बदल घडवून आणला आहे. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळल्याची नोंद झाली. आपल्याकडे स्टिरॉइडच्या मिश्र मलमांचा जो बेसुमार वापर झाला, त्याचा या फैलावाला हातभार लागला, असं आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांचं मत आहे. माझंही तेच मत आहे.

गजकर्णाचा उपचार म्हणजे नुसती गोळी नव्हे. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते; रिकाम्या पोटी ती अंगाला लागत नाही. हृदयाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती आधी डॉक्टरला सांगायची. घरात ज्याला ज्याला खाज आहे, त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत. नवरा बरा झाला आणि सून किंवा नातू खाजवत राहिला, तर महिन्याभरात घर पुन्हा पहिल्या जागी येतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. पावसात ऊन नसेल तर कपडा उलटा करून शिवणींवरून कडक इस्त्री फिरवावी. करदोडा काढायला पुष्कळांचा जीव धजत नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. पण ओला दोरा कंबरेला दिवसभर घासत राहिला तर औषधाचा उपयोग होत नाही. निदान उपचार पुरे होईस्तोवर तो काढून ठेवावा, एवढं मी हात जोडून सांगतो आणि बहुतेक जण ऐकतातही.

बायकांचं दुखणं यात सगळ्यात मागे राहतं. नाडीखालचा, स्तनाखालचा, जांघेतला चट्टा सून कुणाला दाखवत नाही. नवऱ्याची ट्यूब गुपचूप लावते. पाच माणसं उभी असलेल्या तपासणीच्या खोलीत ती काय दाखवणार? पडद्यामागे आडोशाची जागा आणि शेजारी एक नर्सताई असली की तीच बाई सगळं मोकळेपणाने सांगते.

प्रत्येक लाल, खाजरा चट्टा गजकर्णच असतो असंही नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. भोरच्या पूर्वेला, कापूरहोळ-किकवीच्या बाजूला, रस्त्याच्या कडेने आणि पडीक रानात गाजर गवत माजतं. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. पन्नाशीच्या पुढचा शेतकरी येतो. पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी जाड आणि काळवंडलेली, कोपरांच्या आतल्या बाजूला चिरा पडलेल्या. तो सांगतो, ऊन बाधतंय. उन्हाचा त्रास असता तर पापण्यांवर आणि कोपराच्या घडीत, जिथे ऊन पोचत नाही तिथे, एवढं झालं नसतं. वाऱ्याबरोबर उडणारी गवताची धूळ अशा घड्यांमध्ये साचते आणि त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य त्वचेला चिडवतं. पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली की ही अ‍ॅलर्जी पकडता येते.

या गवताशी पुण्याचं जुनं नातं आहे. भारतातली त्याची शास्त्रीय नोंद आर. एस. राव यांनी 1956 मध्ये केली, ती पुण्यातूनच. त्याने होणाऱ्या त्वचारोगाचा अभ्यास पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी सहकाऱ्यांबरोबर 1974 मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. आज मात्र त्याच जिल्ह्यातला शेतकरी चेहऱ्यावर गजकर्णाची ट्यूब लावत बसतो. या रुग्णाला स्टिरॉइड खरोखरच लागतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस, आणि दुखणं हटवादी असेल तर पुढे अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधं द्यावी लागतात. जे द्रव्य गजकर्णात घात करतं, तेच इथे औषध आहे. मग चट्टा कशाचा आहे हे न ठरवता मलम कसं देता येईल? आणि ज्याला या गवताची बाधा आहे, त्याने ते स्वतः उपटू किंवा जाळू नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून ते काढावं.

पांढऱ्या चट्ट्यांची तऱ्हा वेगळी. लेकराच्या गालावर फिकट, कोंडा धरलेला डाग दिसला की आई म्हणते, कॅल्शियम कमी आहे किंवा जंत झालेत. बहुतेक वेळा तो कोरड्या त्वचेचा डाग असतो, साध्या तेलकट मलमाने आणि वेळेने जातो. घामट पाठीवरचं शिबं निराळं, कोड निराळं. पण फिकट चट्ट्यावर संवेदना नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. ती तपासायला कापसाचा बोळा पुरतो. त्याचं टोक वळून बारीक करायचं, माणसाला डोळे मिटायला सांगायचे, कापूस कधी चट्ट्यावर आणि कधी चांगल्या कातडीवर टेकवायचा आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगायचं. चट्ट्यावरचा स्पर्श त्याला कळलाच नाही, तर त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. 2005च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आणि हा रोग संपल्यासारखं सगळ्यांना वाटू लागलं, काही डॉक्टरांनाही. तो संपलेला नाही. त्याच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि वेळेत सुरू केल्या तर हातापायांची बोटं वाचतात. उशीर झाला की गेलेली संवेदना परत येत नाही.

नागिणीबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आधी आग आणि कळ, मग पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण. तिच्यावरच्या गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात, आणि नेमके हेच तीन दिवस ती उतरवून घेण्यात जातात. पावसाळ्यात दिव्याभोवती फिरणारा काळा-नारिंगी किडा मानेवर चिरडला तरी सकाळी भाजल्यासारखा चट्टा उठतो. तोही नागीण समजला जातो. त्याला साबण-पाण्याने धुणं आणि थोडे दिवस मलम एवढं पुरतं.

हे सगळं ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. चांगला उजेड, अंगभर बघण्याची तयारी आणि थोडा वेळ लागतो. गजकर्णाची शंका असेल तर बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर खरवडायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकातून बघायचं. फांद्या फुटलेले तंतू दिसले की बुरशी नक्की. हाच सूक्ष्मदर्शक सरकारी केंद्रांत क्षयाची थुंकी आणि हिवतापाचं रक्त तपासायला वापरतात. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञांना ही तपासणी शिकवायला फार दिवस लागणार नाहीत, खर्च तर नगण्यच. भोरचं उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, दोन्ही ठिकाणी ही तपासणी रोजच्या कामात धरावी. आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी तिथे त्वचारोगाची ओपीडी भरावी आणि तो वार आशाताईंमार्फत वाडीवस्तीवर कळावा. कापसाची तपासणीही आशाताईंच्या हातची आहे. वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात. त्या नव्या नावाच्या तालुक्याकडून एवढी अपेक्षा ठेवणं जास्त नाही. अन्न व औषध प्रशासनानेही दोन्ही तालुक्यांतल्या दुकानांत चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या या मलमांकडे एकदा नीट लक्ष द्यावं.

तोवर वाचकांनी एक काम करावं. घरात जी ट्यूब असेल तिच्यावरची नावं चष्मा लावून वाचावी. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव दिसलं तर ती गजकर्णाला किंवा चेहऱ्याला स्वतःच्या मनाने लावू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. पुष्कळ दिवस लावत असाल तर डॉक्टरकडे जाताना ती सोबत न्या आणि कधीपासून लावताय ते न संकोचता सांगा. त्यावरून आमचं निम्मं निदान होतं.