लॅपटॉप घेताना आधी बोटांना विचारा



कढई घ्यायची तर स्वयंपाक करणारीला विचारतात. शिलाई मशीन घ्यायचं तर शिवणारीला विचारतात. लॅपटॉप मात्र घरातली पुरुषमंडळी, पुण्यात शिकणारा भाचा आणि दुकानदार असे तिघं मिळून ठरवतात. ज्या वहिनी त्यावर रोज बसणार असतात, त्यांना तो खोकं उघडल्यावरच दिसतो. माझं भांडण या पद्धतीशी आहे.

कारण काम आता खरंच घरात आलं आहे. पाचोरा, भडगाव, चाळीसगावकडे कापडाच्या, किराण्याच्या, बी-बियाण्याच्या कितीतरी दुकानांचा हिशेब घरातल्या बाईच्या हाताखाली असतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत गेलं नाही, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं (व्यवहार शून्य असेल तर २०), वर थकलेल्या करावर व्याज. त्या संध्याकाळी पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं की बोलणी तिलाच बसतात. मग यंत्र निवडताना तिचा शब्द शेवटचा का?

दुकानातलं संभाषण ठरलेलं असतं. "भाऊ, आय-३ नका घेऊ, आय-७ घ्या, पुढचं बघावं लागणार नाही." भाऊ लगेच भारावतात. पण त्या ३, ५, ७ आकड्यांवरून एकट्यानं काहीच कळत नाही. इंटेलचा २०१६ सालचा आय-७ ७५००यू हा प्रोसेसर दोन कोरचा होता. २०२२ सालच्या आय-३ १२१५यू मध्ये सहा कोर आहेत. म्हणजे नवा 'लहान' जुन्या 'मोठ्या'ला सहज मागे टाकतो. एएमडीची तीच गोष्ट. रायझन ५ ७५२०यू नाव ऐकून सात हजारांच्या मालिकेतला नवा माल वाटतो, पण त्याच्या आतली रचना झेन-२ म्हणजे २०१९ सालची आहे. तेव्हा ठळक अक्षरांतल्या स्टिकरवर जाऊ नका. पूर्ण नंबर लिहून घ्या आणि तो प्रोसेसर कोणत्या वर्षी आला ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात चला.

जुन्या, 'रिफर्बिश्ड' मालात हा खेळ सर्वात जास्त चालतो. 'आय-७, फक्त इतक्यात' असं म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वीचं यंत्र गळ्यात घालतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० लागतं. वर सांगितलेला सातव्या पिढीचा आय-७ त्या यादीत बसत नाही. "टाकून देतो ना ११" असं कुणी म्हणालं तर ते आडवाटेनं टाकलेलं असतं. त्यावर दुकानाची बँक आणि जीएसटीचा पासवर्ड चालवायचा का, हे तुम्हीच ठरवा.

मग पैसे घालायचे कशात? कामाकडे बघा. टॅली, एक्सेल, दहा-बारा टॅब उघडा असलेला ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ, मुलांचा ऑनलाइन वर्ग. यातल्या एकालाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते घेतलं की वजन वाढतं, चार्जर विटेएवढा होतो, बॅटरी लवकर उतरते आणि पंखा भणभणतो. घरात व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी डिझाइन शिकणारं कुणी असेल तर त्याच्यासाठी जरूर घ्या, पण 'घरच्या कामासाठी' म्हणून त्याचं बिल फाडू नका.

या कामाला खरी लागते ती रॅम. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे. पण किमान म्हणजे चालू होण्यापुरतं. ८ जीबीत साधं काम निभतं, १६ जीबीत टॅली, ब्राउझर आणि मुलाचा वर्ग एकत्र चालले तरी यंत्र रडत नाही. दुसरी एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून फाइल पटकन उघडते. २५६ जीबीत फक्त हिशेब मावेल. लग्नाचे, तीर्थयात्रेचे फोटोही ठेवायचे तर ५१२ घ्या. तिसरा पडदा. १९२० बाय १०८० चा पडदा १३६६ बाय ७६८ च्या जवळपास दुप्पट ठिपके दाखवतो, म्हणजे एक्सेलच्या जास्त ओळी एका नजरेत. तो आयपीएस आणि न चमकणारा असावा, नाहीतर दुपारी ओसरीवर बसलं की त्यात आपलाच चेहरा दिसतो.

आणि चौथी गोष्ट, जी भाचा कधीच सांगत नाही: कीबोर्डच्या उजवीकडचं आकड्यांचं पॅड. दिवसाला शंभर व्हाउचर टाकणाऱ्या बाईला त्याची किंमत विचारा. १५.६ इंची लॅपटॉपमध्ये ते बहुधा असतं, १४ इंचीत सहसा नसतं. दुकानात उभं राहून दहा आकडे टाइप करून बघा. लाजू नका. साडी अंगावर लावून बघतोच ना आपण?

आपल्या गावाच्या दोन अटी वेगळ्या आहेत. पहिली उन्हाळ्याची. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ वर चढतो. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशांची हवा सांगते, आणि बहुतेक कंपन्यांचा आकडा ३५ च्याच आसपास असतो. म्हणून हवा कुठून खेचतो ते बघून घ्या, गादीवर ठेवून वापरू नका, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर चालू ठेवा. उष्णता आणि सतत भरलेली अवस्था, दोन्ही लिथियम बॅटरीला खातात. दुसरी अट दुरुस्तीची. "ऑनसाइट वॉरंटी आहे" एवढ्यावर मान डोलावू नका. ४२४२०१ हा पिनकोड सांगून विचारा, माणूस पाचोऱ्याला येईल का? की आपणच जळगाव-नाशिकच्या वाऱ्या करायच्या?

आता विरोधी मुद्दा. "एकदाच मोठं घेतलं की दहा वर्षं चिंता नको." आयकराच्या हिशेबातच संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के धरतात. लाखाची वस्तू तीन पूर्ण वर्षांनी कागदावर २१,६०० ची उरते. पुढची सोय हवी तर ती महागड्या आकड्यात मिळत नाही, मोकळ्या रॅम-स्लॉटमध्ये आणि बदलता येणाऱ्या एसएसडीत मिळते. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते, मग वाढवणं संपलं. हा प्रश्न घेण्याआधी विचारा.

आपल्या धर्मात परिग्रह-परिमाण व्रत आहे. त्यात मर्यादा आधी ठरते, वस्तू नंतर येते. दुकानात जाऊन मर्यादा ठरवू म्हटलं तर ती दुकानदार ठरवतो. पण या व्रताचा अर्थ 'सर्वात स्वस्त घ्या' असा लावणाऱ्यांशीही माझा वाद आहे. ४ जीबीचा, हळू डिस्कचा लॅपटॉप दोन वर्षांत कंटाळून फेकला, तर एका ऐवजी दोन वस्तू घरात आल्या आणि एक कचऱ्यात गेली. हा संयम कसला? घरातला जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत असेल, तर आधी त्यातच एसएसडी आणि रॅम टाकून बघा. अगदीच मेला तर भंगारवाल्याच्या गाड्यावर देऊ नका. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या मालाची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फत लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीला फोन करून विचारा.

बिल पक्कंच घ्या. ४२,००० च्या लॅपटॉपवर १८ टक्के म्हणजे ७,५६० रुपये जीएसटी. दुकानाच्या कामासाठी घेतला असेल आणि बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असेल, तर तो कर जमेला घेता येतो. "बिल नको, थोडं कमी करतो" म्हणणारा आपल्याच खिशातले पैसे आपल्याला परत देत असतो, आणि वॉरंटी मात्र बुडते.

पुढच्या वेळी घरात हा विषय निघाला की एक चिठ्ठी लिहा: कोण वापरणार, रोज किती तास, कोणती कामं, रॅम किती, एसएसडी किती, पडदा कसा, आकड्यांचं पॅड हवं का, दुरुस्ती कुठे. ती चिठ्ठी काम करणारीच्या अक्षरात असू द्या. आणि दुकानात ती स्वतः जाऊ द्या. भाच्याला न्यायचं तर पिशवी धरायला न्या.