दागिन्यांची भिंत

व्यापारी घरांत तिजोरी नीट लावलेली असते. रोजच्या वापरातले चांदीचे व नकली दागिने मात्र एकाच डब्यात गुंतून पडतात. साखळीची गाठ सोडविताना कडी तुटते, झुमक्याचा जोडीदार हरवतो. त्यांच्यासाठी भिंतीवर लावण्याजोगी चौकट घरीच करता येते.

जुन्या तसबिरीची १८ इंच रुंद व २४ इंच उंच लाकडी चौकट काच काढून घ्यावी. मागे प्लायवूड बसवून त्यावर धुतलेले सुती कापड ताणावे. लोकरी कापड व रबर टाळावे. त्यांतील गंधकाने चांदी काळवंडते. वर दीड-दीड इंचावर हूक लावावेत. १८ इंचांची साखळी सुमारे ९ इंच खाली लोंबते. तेवढी जागा मोकळी सोडून त्याखाली तारेची जाळी कापडापासून अर्धा इंच सुटी बसवावी. तीत झुमके अडकतात. सर्वांत खाली दोन मोठ्या हुकांवर उचलून घेता येईल अशी दांडी ठेवून तिच्यात बांगड्या ओवाव्यात. (जुने लाटणेही चालते, सासूबाईंची परवानगी असल्यास!)

मोत्यांच्या माळा येथे नकोत. त्यांच्या वजनाने दोरा ताणून मण्यांमध्ये फटी पडतात. त्या मऊ कापडात आडव्याच ठेवाव्यात. सोनेही नको. घरात नोकरचाकरांची, दुकानातल्या माणसांची ये-जा असते. भिंतीवर ऐवज मांडला की कोणाच्या मनात मोह जागतो, आणि एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की निरपराध माणसावर संशय जातो.

चौकट आतल्या खोलीत, ऊन व न्हाणीघराची ओल लागणार नाही अशा भिंतीवर टांगावी.