या वयात काय दाखवायचं?



माझ्या वहिनींच्या हाताला छातीत गाठ लागली, तेव्हा त्या 73 वर्षांच्या होत्या. चार महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलल्या आणि गप्प राहिल्या. "दुखत तर नाही, मग या वयात काय दाखवायचं?" हे त्यांचं म्हणणं. हे वाक्य मला सर्वात घातक वाटतं.

एक तर कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुसरं, वय वाढतं तसा हा धोकाही वाढतो. आम्ही सिंगापुरात राहतो. इथे 2002 पासून सरकारची 'ब्रेस्टस्क्रीन सिंगापूर' योजना आहे. पन्नाशीपुढच्या बायकांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करावा, असं ती सांगते. वहिनींना आलेली पत्रं नंतर आम्हाला बिलांच्या गठ्ठ्यात सापडली, न फोडलेली.

दहांतले सुमारे सात स्तनकॅन्सर हार्मोनवर पोसणारे असतात. उतारवयात हे प्रमाण आणखी जास्त. पाळी गेली की इस्ट्रोजेन संपतं असं आपण समजतो, पण शरीरातल्या चरबीत ते थोडं थोडं तयार होतच राहतं. हा कॅन्सर पुष्कळदा सावकाश वाढतो, पण पाच-दहा वर्षांनीही उलटू शकतो. म्हणून 'सावकाश' म्हणजे 'निर्धास्त' नव्हे.

गाठ हार्मोनवर पोसते की नाही, हे हाताला कळत नाही आणि मॅमोग्रामवरही दिसत नाही. त्यासाठी सुईने गाठीचा तुकडा काढून तपासतात. त्यालाच बायोप्सी म्हणतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीनेही वहिनी अडून बसल्या होत्या. ही भीती सोडून द्या. त्या तुकड्यावर तीन गोष्टी पाहतात: ईआर, पीआर आणि हर-टू. शंभरातल्या एका पेशीत जरी ईआर सापडला, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. इथे 'पॉझिटिव्ह' शब्दाने घाबरू नका. त्याचा अर्थ हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या उपयोगी पडण्याची शक्यता आहे, असा होतो.

वहिनींचा ईआर पॉझिटिव्ह निघाला. ऑपरेशन झालं, आता रोज लेट्रोझोलची एक गोळी. ती निदान पाच वर्षं घ्यायची असते. सांधे दुखतात, हाडं विरळ होतात; ते डॉक्टरांना सांगावं, गोळी मनाने बंद करू नये. कुणाला टॅमॉक्सिफेन दिलं असेल आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर लगेच कळवावं.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या पिढीने लाज धरली आणि मुलांना त्रास नको म्हणून दुखणी लपवली. चार महिन्यांनी कळल्यावर मुलांना झालेला त्रास मी पाहिला आहे. मुंबई असो, सिंगापूर असो, गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा आणि रिपोर्टमध्ये हे तीन शब्द विचारा.

मलिदा जरूर करा. पण डॉक्टरांची वेळ आधी घ्या.