गांजा, खताची बाटली आणि लेबलवरचे आकडे

१ एप्रिल २०२४ला जर्मनीत गांजा कायदेशीर झाला, हे तुमच्या फीडवर येऊन गेलंच असणार. तारीख बघून निम्म्या लोकांना ते एप्रिल फूलच वाटलं असेल. पण पुढे काय झालं, हे कुणी फारसं सांगितलं नाही. रीलला पुढचं कधी माहीत असतं?

पुढे झालं ते असं. हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुंडी घेतली, माती घेतली आणि मग त्यांना एक अगदी साधा, शेतकरी प्रश्न पडला: याला खत कोणतं घालायचं? कायद्याच्या बातम्यांमध्ये हा प्रश्न नव्हता. त्याचं उत्तर देत होते ते फक्त बाटल्या विकणारे. 'हे काय आमच्या कामाचं?' असं वाटत असेल तर थांबा. जर्मनीत आजघडीला परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीय सगळ्यात जास्त आहेत, २०२३-२४च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार. तुमचा एखादा सीनिअर तिथे आखेनला किंवा म्युनिकला असेल, त्याच्या रूममेटच्या खिडकीत अशी कुंडी असेल, आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही ती पाहिलीही असेल.

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण 'जर्मनीत सगळं चालतं' हा समज चुकीचा आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा स्वतःसाठी बाळगता येतो. घरी एकावेळी तीन झाडं लावता येतात, पण त्यासाठी जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य झालेलं हवं. म्हणजे सप्टेंबरात उतरलेल्या विद्यार्थ्याने ऑक्टोबरात बी लावलं, तर ते बेकायदाच. झाडं मुलांच्या आणि इतरांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची, शेजाऱ्यांना वासाचा त्रास होऊ द्यायचा नाही. आणि घरचा माल मित्राला द्यायचा नाही, विकत नाही आणि फुकटही नाही. गाडी चालवायची असेल तर रक्तातल्या टीएचसीची मर्यादा वेगळी, आणि २१ वर्षांखालच्यांना ती शून्य.

गंमत म्हणजे, यात दुकान कुठेच नाही. तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी २०२२मध्ये जी योजना मांडली होती, तिच्यात परवानाधारक दुकानं होती. युरोपीय संघाचे नियम आडवे आले आणि योजना छाटली गेली. उरलं काय, तर घरची कुंडी आणि जास्तीत जास्त ५०० सभासदांचे लागवड क्लब, तेही १ जुलै २०२४पासून. त्यामुळे ज्याला क्लबात जायचं नाही, त्याला माळी होणं भाग पडलं. सरकारने झाड लोकांच्या हाती दिलं, पण त्यासोबत माळीकाम कोण शिकवणार हे सांगितलं नाही.

आता या बाटल्यांकडे येऊ. मला खरी गोष्ट इथे दिसते.

गांजाच्या झाडासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवखतांचं दुकानातलं शेल्फ पाहिलंत तर एखाद्या प्रोटीन पावडरच्या दुकानात आल्यासारखं वाटेल. मुळांसाठी एक बाटली, वाढीसाठी दुसरी, फुलोऱ्यासाठी तिसरी, फुलं फुगवायला चौथी, चव यावी म्हणून पाचवी. लेबलवर चमकदार रंग, रॉकेट, आणि जिममधल्या सप्लिमेंटसारखी नावं. पण बाटली फिरवून मागचे बारीक आकडे वाचले की जादू उतरते. तिथे तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. हे आकडे तुमच्यातल्या अनेकांना घरूनच पाठ असतील. निफाड किंवा तासगावच्या द्राक्षबागेत ड्रिपमधून सोडतात ते 'झिरो बावन चौतीस', 'बारा एकसष्ट', 'एकोणीस एकोणीस एकोणीस' हेच ते आकडे. काकांच्या शेडमध्ये पिशवीवर छापलेले असतात.

उदाहरण घ्या. युरोपात 'पीके १३-१४' या आकड्यांची फुलोऱ्याची खतं वर्षानुवर्षं विकली जातात. म्हणजे १३ टक्के स्फुरद आणि १४ टक्के पालाश, बाकी बहुतेक पाणी. एक किलो द्रावणात १३० ग्रॅम स्फुरद झालं. तेवढं स्फुरद झिरो बावन चौतीसच्या पाव किलो पावडरीत असतं. थोडा पालाश वरून घातला की काम झालं. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मुख्यतः पाण्याला आणि लेबलला. आणखी एक मेख आहे. लेबलवरचं स्फुरद म्हणजे शुद्ध फॉस्फरस नव्हे, ते त्याच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं असतं. ५२चा आकडा प्रत्यक्षात सुमारे २३ टक्के फॉस्फरस असतो. बारावीच्या केमिस्ट्रीचा कुठेतरी उपयोग होतो, तो इथे.

बरं, महाग का होईना, फुलोऱ्याला जास्त फॉस्फरस दिला की फुलं जास्त येतात ना? इतकी वर्षं सगळे हेच मानत आले. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातले वेस्टमोरलँड आणि बगबी यांनी हे तपासलं आणि २०२२मध्ये निष्कर्ष छापले. फॉस्फरस वाढवल्याने उत्पन्न वाढलं नाही, मालाची प्रतही सुधारली नाही. वाढला तो कुंडीखाली झिरपणाऱ्या पाण्यातला फॉस्फरस. म्हणजे जास्तीचं खत झाडाने घेतलंच नाही, ते गटारात गेलं. इस्रायलमधल्या संशोधकांनी नत्राबाबत असंच काहीसं दाखवलं: नत्र वाढवत नेलं तर फुलांमधल्या टीएचसी आणि सीबीडी या घटकांच्या मूळ आम्लांचं प्रमाण कमी होत जातं. बाटलीवर 'पॉवर' लिहिलेलं असतं, झाडात मात्र उलटंच होतं.

यात जर्मनांसाठी एक टोचणारा विनोद आहे. ज्या पोषक घटकाची कमतरता असते त्यावर पिकाची वाढ अडते, बाकीचे कितीही ओता, ही गोष्ट १९व्या शतकात जगाला सांगितली ती युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. गीसेनच्या विद्यापीठाला आज त्याचंच नाव आहे. आणि त्याच देशात लोक फॉस्फरसने भरलेल्या कुंडीत आणखी फॉस्फरस ओततायत.

त्यातही मातीतली कुंडी असेल तर गणित अजून सोपं असतं. दुकानातून आणलेल्या कुंडीच्या मातीत खत आधीच मिसळलेलं असतं आणि ते पहिले काही आठवडे पुरतं. माती ही थोडी बँकेसारखी वागते. ती पोषण धरून ठेवते, हळूहळू सोडते, थोडी चूक पचवते. मातीविना पाण्यावर वाढवलेल्या झाडाला ही सोय नसते, म्हणून त्याच्या बाटल्यांचा डोस वेगळा असतो. तो डोस मातीत ओतला की क्षार साचतात, पानांची टोकं करपतात, आणि माणूस घाबरून सहावी बाटली आणतो. मला विचाराल तर ज्या देशात हे कायदेशीर आहे तिथेही मातीतल्या तीन झाडांना टोमॅटोच्या साध्या द्रवखताची एक बाटली आणि थोडा संयम पुरे. पण संयमाची बाटली कुणाला विकता येत नाही.

सेंद्रिय म्हणून जे विकलं जातं, त्याचीही एक गोष्ट ऐका. युरोपातली बरीच सेंद्रिय द्रवखतं ही शुगरबीटच्या मळीतून जे उरतं त्यापासून बनतात. आपल्याकडे साखर कारखान्याला जोडून असलेल्या डिस्टिलरीतून निघतो तो स्पेंट वॉश, त्याचाच हा भाऊ. आपण त्यातून पालाश काढतो आणि केंद्र सरकार त्या खताला अनुदानही देतं. कोल्हापूरकडे ज्याच्या वासाने नाक मुरडतात, त्याच प्रकारचा माल तिकडे हिरव्या पानाचं चित्र लावून शेल्फवर बसतो.

मग इतकी साधी गोष्ट लोकांना कळायला इतकी वर्षं का लागली? कारण बंदी. गहू, भात, टोमॅटो यांना किती खत लागतं हे शोधायला जगभर कृषी विद्यापीठं आहेत, शंभर वर्षांचे प्रयोग आहेत. गांजाच्या झाडावर बहुतेक देशांत असा प्रयोगच करता येत नव्हता. ज्ञान तळघरांतून, कानोकानी आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतून फिरत राहिलं. चोरून पिकवणारा माणूस विद्यापीठात जाऊन माती तपासून घेणार आहे थोडाच? बंदी उठली, पण रिकामी जागा आधीच भरलेली होती. जर्मनीच्या कायद्यावर बोलणारे लोक काळा बाजार आणि तरुणांचं आरोग्य यावर भांडतात, आणि ते मुद्दे मोठे आहेतच. २०२५मध्ये आलेल्या नव्या आघाडी सरकारने कायद्याचा फेरआढावा घ्यायचं करारातच लिहून ठेवलं. पण 'ज्ञान कुणाच्या हातात आहे' हा प्रश्न त्या भांडणात येतच नाही.

आणि फॉस्फरस ही काही हवेतून मिळणारी चीज नाही. तो खाणीतून येतो, मोजक्या देशांतून येतो, युरोपीय संघाने त्याला अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत घातलंय. आपल्याकडे डीएपीसाठी रब्बीच्या तोंडावर लागलेल्या रांगा तुम्ही गावी पाहिल्या असतील. २०२५च्या मध्यावर चीनने विद्राव्य खतांची वाट अडवली तेव्हा द्राक्ष-डाळिंबवाल्यांची झोप उडाली होती. त्या पार्श्वभूमीवर कुंडीतून गटारात जाणारं स्फुरद पाहिलं की हसू येत नाही.

आता हॉस्टेलवर येऊ, कारण हे वाचून कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला असणारच. जून २०२३मध्ये कर्नाटकात शिवमोगा पोलिसांनी काही वैद्यकीय विद्यार्थ्यांना अटक केली. भाड्याच्या घरात दिवे लावून गांजा पिकवत असल्याचा त्यांच्यावर आरोप होता. आपल्याकडचा १९८५चा एनडीपीएस कायदा लागवडीच्या बाबतीत फार कडक आहे. जवळ बाळगलेल्या गांजासाठी 'अल्प प्रमाण' नावाची पायरी आहे, एक किलोपर्यंत, आणि तिथे शिक्षा एक वर्षापर्यंत. लागवडीसाठी अशी पायरीच नाही. एक झाड असो की शेत, कलम २०नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'भांग तर सरकारमान्य दुकानात मिळते की' हा युक्तिवादही इथे चालत नाही. पानं गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत हे खरं, पण परवान्याशिवाय झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि रूममेटचं झाड माहीत असून खोलीत राहू दिलंत, तर कलम २५ तुमच्यापर्यंतही पोचू शकतं.

जर्मनीला गेलेल्या सीनिअरला हे नक्की फॉरवर्ड करा: एनडीपीएस कायद्याचं पहिलंच कलम म्हणतं की हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. म्युनिकच्या खिडकीतल्या कुंडीसाठी कुणी पुण्यात गुन्हा नोंदवत बसेल, अशी शक्यता फार कमी. पण पासपोर्ट भारताचा आहे तोवर कायद्याच्या पुस्तकात ती सूट नाही, आणि परतीच्या बॅगेतल्या मालाला तर अजिबातच नाही.

भारतात वाट अगदीच बंद आहे असंही नाही. त्याच कायद्याचं कलम १४ धागा, बी आणि बागायतीच्या कामासाठी सरकारी परवानगीने लागवडीला जागा देतं. उत्तराखंडने २०१८मध्ये कमी टीएचसीच्या औद्योगिक हेम्पसाठी पहिला परवाना दिला. हिमाचल प्रदेशाने २०२५च्या जानेवारीत पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली आणि तो सोपवला पालमपूर आणि नौणी इथल्या कृषी-बागायती विद्यापीठांकडे. बी कोणतं, झाड कसं वाढतं, त्याला लागतं काय, हे आता तिथल्या प्लॉटवर मोजलं जाणार आहे.