संधिवात सांध्यांपुरताच नाही

सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली, मनगटे सुजलेली. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची ओळख बहुतेकांना एवढीच असते. रुग्ण डॉक्टरांपुढे हात धरतो. जिना चढताना लागणाऱ्या धापेविषयी बोलत नाही. ती वयाच्या खाती जमा होते. प्रत्यक्षात सुमारे दहापैकी एका रुग्णाची फुप्फुसे या व्याधीमुळे हळूहळू ताठर होत जातात आणि त्यांवर धरलेले व्रण सहसा भरून येत नाहीत.

सांध्यांचा रोग फुप्फुसांत शिरतो कसा? अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवलेली वाट आतड्यातून जाते. संधिवाताची प्रवृत्ती असलेल्या उंदरांच्या आतड्यात 'सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया' हे तंतूसारखे जीवाणू वसले, की तेथे 'टीएच-१७' नावाच्या प्रतिकारपेशी वाढतात. त्यांतील काही पेशींवर ओळख पटवणारे ग्राहक एका नव्हे, दोन प्रकारचे असतात. एक जीवाणूला ओळखतो, दुसरा शरीराच्याच प्रथिनाला. जीवाणूने चेतवलेली अशी पेशी फुप्फुसातील रासायनिक संकेतामागे तेथे पोहोचते आणि शत्रू समजून घरच्यांवरच हात उगारते.

माणसांत चित्र इतके स्पष्ट नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली, उपचार सुरू न झालेल्या ४४ नव्या रुग्णांपैकी ३३ जणांच्या आतड्यात 'प्रिव्होटेला कोप्राय' हा जीवाणू सापडला. निरोगी लोकांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. मात्र जीवाणूमुळे रोग झाला की रोगामुळे जीवाणू फोफावला, हे अशा मोजणीतून ठरत नाही. फुप्फुसांची तर त्यात तपासणीच नव्हती. तेव्हा 'चांगल्या जीवाणूं'च्या पुड्या विकणाऱ्यांनी या संशोधनाचा हवाला देणे हे उतावीळपणाचेच. दह्याची वाटी खुशाल खावी; ती संधिवाताच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

धूम्रपानाविषयीचा पुरावा मात्र भक्कम आहे. त्याने हा संधिवात होण्याचा आणि तो फुप्फुसांत उतरण्याचा, दोन्ही धोके वाढतात. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. रेंगाळणारा कोरडा खोकला दिसला की प्रथम क्षयाचा संशय येतो. तो रास्तच आहे, कारण संधिवाताची काही औषधे सुप्त क्षयाला जागे करतात. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू न सापडल्यावर शोध तेथेच थांबतो, ही खरी अडचण. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचे व्रण निसटू शकतात. अशा वेळी छातीचा एचआरसीटी स्कॅन आणि श्वसनक्षमतेची चाचणी करण्याविषयी रुग्णाने स्वतःहून विचारावे, सांधे त्या महिन्यात दुखत नसले तरीही.